बिबडे-पापडाच्या गटासाठी डोमेन घ्यायचंय: नाव कोणतं, डॉट कॉम की डॉट इन, आणि नोंदणी कोणाच्या नावावर?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड, कळण्याचं पीठ आणि खान्देशी काळा मसाला असा माल आहे. आत्तापर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं, पण आता सुरत आणि पुण्याकडून ऑर्डर येतात आणि लोक वेबसाईट विचारतात. पुढच्या महिन्यात छापील पाऊच करायचे आहेत, त्यावर वेबसाईटचा पत्ता, म्हणजे डोमेन, टाकायचा आहे.

डोक्यात तीन नावं आहेत: खान्देशी बिबडे, खान्देश शिदोरी आणि नुसतं कळणा. वेबसाईट करून देणारे म्हणतात, "डोमेनची काळजी करू नका, माझ्या खात्यातून घेऊन देतो, होस्टिंगसकट, म्हणजे वेबसाईट ठेवायच्या जागेसकट, वर्षाचे सहा हजार." हे बरोबर आहे का? आणि नाव देवनागरीत घेता येतं असं ऐकलंय, तसं घ्यावं का? जाणकारांनी नीट सांगावं, कारण पाऊच एकदा छापले की परत बदल परवडणार नाही.

गिरणाथडी

ताई, पाऊच छापण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत. ग्राव्ह्यूर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात. पत्त्यातलं एक अक्षर चुकलं तर ज्या रंगात पत्ता आहे तो सिलिंडर नव्याने करावा लागतो आणि छापलेला रोल वाया जातो. म्हणून आधी डोमेन हातात, मग डिझाईन.

मी फक्त नावाबद्दल लिहितो. डोमेन कागदावर वाचण्यापेक्षा फोनवर ऐकून जास्त टाईप होतं. तेव्हा प्रत्येक नाव इंग्रजी अक्षरांत उलगडून बघा.

खान्देशी बिबडे: पहिला शब्द ठीक आहे, त्याचं स्पेलिंग लोकांना पाठ आहे. पण बिबडे? कोणी बी-आय-बी-ए-डी-ई लिहील, कोणी मधला ए गाळेल, बिबड्या म्हणणारा भलतंच लिहील. शिवाय सुरतेच्या गुजराती गिऱ्हाइकाला हा शब्दच नवा. आणि उद्या मसालाच जास्त विकला गेला तर नाव मालाला आखूड पडेल.

खान्देश शिदोरी: शब्द गोड आहेत, पण जोडल्यावर काय होतं बघा. खान्देशच्या शेवटी एस-एच आणि शिदोरीच्या सुरुवातीला पुन्हा एस-एच. चार अक्षरं लागोपाठ येतात. दहातले निम्मे लोक एकच एस-एच टाईप करतील. मध्ये आडवी रेघ टाकून सुटका होत नाही, कारण फोनवर सांगताना रेघ हमखास गळते. 'खान्देशी' केलं तर मध्ये 'शिशि' होतं, ते वाचायलाही बरं दिसत नाही. दोन शब्द जोडताना सांध्यावर तेच अक्षर दोनदा येऊ देऊ नका, हा नियम नाव ठरवताना सगळ्यात जास्त विसरला जातो.

कळणा: छोटं आहे, पण ळ आणि ण दोन्ही रोमनमध्ये हरवतात. बाहेरचा माणूस कलना, कालना, कलाना काहीही वाचेल.

माझं मत असं, की शिदोरी ठेवा आणि जोडीला दुसरा शब्द शोधा. शिदोरीचं रोमन स्पेलिंग जवळजवळ एकच होतं. अमळनेर जोडलं तर ते स्पेलिंग रेल्वे स्टेशनच्या पाटीवर ठरलेलं आहे, त्यामुळे वाद नाही. दोन्ही मिळून चौदा अक्षरं होतात. नियमाप्रमाणे डॉटच्या आधी ६३ अक्षरांपर्यंत चालतं, पण वीसच्या पुढे गेलात तर पाऊचवर अक्षर बारीक करावं लागतं. इंग्रजी लिपीतल्या नावात अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. कॅपिटल-स्मॉलने फरक पडत नाही.

घेण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर सार्वजनिक शोध करा. पापड, पीठ, मसाले ३०व्या वर्गात बघायचे. केळी वेफर्ससारखा माल पुढे घेणार असाल तर २९वाही बघा. शिदोरी हा खाण्याच्या धंद्यात फार वापरातला शब्द आहे, तेव्हा हुबेहूब जुळणारं आणि कानाला सारखं वाटणारं असे दोन्ही शोध घ्या. डोमेन मोकळं सापडलं म्हणजे नाव वापरायला मोकळं झालं असं नसतं. डोमेननावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं आहे. म्हणजे दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव डोमेन म्हणून घेतलं तर ते हातातून जाऊ शकतं.

आणखी एक. जळगाव केळी, जळगावचं भरीताचं वांगं, नवापूरची तूरडाळ यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या नावाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद नसताना तेच नाव डोमेनमध्ये घेऊन माल विकू नये. तुमच्या मालाला हे लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो.

पांझरा_धुळे

नावाबद्दल भाऊंनी लिहिलंय त्यात मला घालायला काही नाही. मी त्या "माझ्या खात्यातून घेऊन देतो" वर येतो. ताई, याला स्पष्ट नाही म्हणा. वेबसाईट त्यांच्याकडून जरूर करून घ्या, डोमेन मात्र तुमच्याच खात्यात हवं.

कारण साधं आहे. डोमेन ही विकत घेतलेली वस्तू नाही, तो ठराविक वर्षांचा वापरहक्क आहे आणि तो रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, नोंदीत धारक म्हणून ज्याचं नाव आहे त्याचा. पैसे कोणी दिले हे तिथे दिसत नाही. त्यात 'संस्था' नावाचा एक रकाना असतो. त्यात वेबसाईटवाल्याच्या फर्मचं नाव गेलं तर कागदोपत्री धारक ती फर्म होते, तुमचा गट नाही. माणूस कितीही सरळ असला तरी उद्या त्याने धंदा बंद केला, नंबर बदलला किंवा नूतनीकरण विसरला तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. आणि पाऊचवर पत्ता छापलेला असतो.

तर असं करा. गटासाठी एक वेगळा जीमेल काढा. कोणा एकीचा खासगी नको. आणि जे डोमेन घेणार त्याच डोमेनवरचा ईमेल रजिस्ट्रारच्या खात्याला कधीच देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो, मग नूतनीकरणाची सूचनाही येत नाही आणि पासवर्डही बदलता येत नाही. घराची किल्ली घरातच ठेवून कुलूप लावल्यासारखं होतं ते.

त्या जीमेलवर रजिस्ट्रारचं खातं उघडा. डॉट इनसाठी घेणार असाल तर तो रजिस्ट्रार निक्सीच्या (डॉट इन सांभाळणारी संस्था) मान्यताप्राप्त यादीत आहे का बघा. डॉट कॉमसाठी आयकॅन या जागतिक संस्थेची यादी असते. नाव शोधा, कार्टमध्ये टाका आणि पैसे भरण्याआधी कार्ट नीट वाचा. होस्टिंग, वेबसाईट बिल्डर, ईमेल, एसएसएल (साईट सुरक्षित करणारं प्रमाणपत्र), प्रायव्हसी (धारकाची माहिती लपवणं) यांच्या खुणा बऱ्याचदा आधीच केलेल्या असतात, मुदतही दोन-तीन वर्षं धरलेली असते. डोमेन सोडून सगळं काढा. एसएसएल लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं फुकट मिळतं, चांगल्या होस्टिंगमध्ये ते आपोआप लागतं. प्रायव्हसीची सोय डॉट इनला मुळात चालतच नाही.

किंमत बघताना पहिल्या वर्षाची बघू नका, नूतनीकरणाची बघा. ९९ किंवा १९९ रुपयांची जाहिरात पहिल्या वर्षापुरती असते. डॉट कॉमला दुसऱ्या वर्षापासून साधारण हजार ते दोन हजार लागतात, डॉट इनला त्याहून कमी, वर १८ टक्के जीएसटी. डॉट स्टोअर, डॉट ऑनलाईन, डॉट शॉप हे प्रकार सुरुवातीला सगळ्यात स्वस्त दिसतात आणि नूतनीकरणाला डॉट कॉमच्या कितीतरी पुढे जातात. गिऱ्हाईकही त्यांच्यापुढे डॉट कॉम लावून मोकळं होतं. नावापुढे 'प्रीमियम' लिहिलं असेल तर ते सोडा, नूतनीकरणही बऱ्याचदा चढ्या दरानेच होतं.

पैसे भरण्याआधी स्पेलिंग दोघींनी मोठ्याने वाचा. नोंदणी झाल्यावर अक्षर दुरुस्त करता येत नाही, नवीनच घ्यावं लागतं.

पैसे भरल्यावर काम संपत नाही. डॉट कॉमसाठी ईमेल पडताळणीची लिंक येते. १५ दिवसांत तिच्यावर क्लिक नाही केलं तर डोमेन थांबवतात. ती मेल स्पॅम किंवा प्रमोशन्समध्ये जाऊन पडते, आणि सोळाव्या दिवशी वेबसाईट आणि ईमेल दोन्ही बंद. बिघाड होस्टिंगमध्ये शोधत बसतात आणि कारण ही न उघडलेली मेल असते. डॉट इनसाठी धारकाच्या ओळखीची कागदपत्रं मागितली तर नाव आणि पत्ता कागदांशी जुळायला हवा. म्हणून अर्ज भरताना टोपणनाव किंवा अर्धवट पत्ता लिहू नका.

कॉम की इन: जमलं तर दोन्ही घ्या. एक मुख्य ठेवा, दुसरं त्याच्याकडे कायमस्वरूपी वळवा.

गिरणाथडी

इथे माझं थोडं वेगळं मत. दोन्हींचा खर्च दर वर्षी येणार. गटाचा माल भारतातच जाणार असेल तर एकटं डॉट इन पुरेसं आहे. पण एक अट: त्याच नावाचं डॉट कॉम दुसऱ्या कोणा खाद्यपदार्थवाल्याकडे नसावं. असेल तर निम्मी ऑर्डर त्याच्या दारात जाईल, मग ते नावच सोडा.

नाव पूर्वी कोणाकडे होतं का तेही बघा. सुटलेलं जुनं डोमेन मोकळं दिसतं, पण त्यावर आधी जुगाराची किंवा भलतीसलती साईट चाललेली असू शकते. वेबॅक मशीन या साईटवर तो पत्ता टाकला की जुनी पानं दिसतात. तसलं काही दिसलं तर दुसरं नाव बघा, कारण अशा डोमेनवरून पाठवलेली मेल स्पॅममध्ये जाते.

बोरीकाठ (अमळनेर)

दोघा भाऊंचे मनापासून आभार. सांध्यावरचं एस-एच आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एक अडचण आहे. गटाची अध्यक्ष बदलत राहते. मग धारक म्हणून काय लिहायचं? आणि देवनागरी नावाचं राहिलं.

पांझरा_धुळे

संस्थेच्या रकान्यात गटाचं नाव लिहा, बँक पासबुकावर आहे अगदी तसंच. व्यक्तीच्या रकान्यात सध्याच्या अध्यक्षा. फूड लायसन्सची नोंदणी आणि उद्यम प्रमाणपत्र काढलं असेल तर त्यावरही तेच नाव आणि तोच पत्ता आहे ना, हे ताडून बघा. उद्या हक्काचा प्रश्न आला तर हेच कागद कामाला येतात. बिलही गटाच्या नावाने घ्या आणि फाईलला लावा.

गटाच्या ठरावाच्या वहीत एक ठराव लिहा: अमुक डोमेन गटाच्या मालकीचं, खातं अमुक ईमेलवर, व्यवहार अध्यक्ष आणि सचिव दोघी बघतील. दोन पायऱ्यांची सुरक्षा चालू करा. ती चालू करताना जे बॅकअप कोड मिळतात ते छापून बंद पाकिटात पासबुकासोबत ठेवा. ओटीपी ज्या फोनवर येतो तो हरवला किंवा ती ताई माहेरी गेली की हे पाकीटच उपयोगी पडतं.

अध्यक्ष बदलल्या की खात्यातलं व्यक्तीचं नाव आणि मोबाईल बदलायचा, ईमेल तोच राहू द्यायचा. डॉट कॉमला धारकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की मंजुरीची मेल येते आणि त्यानंतर ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला अटकाव लागू शकतो. म्हणून रजिस्ट्रार बदलायचा असेल तर आधी ते करा, नाव नंतर बदला.

सातपुडा_पायथा

देवनागरी डोमेनबद्दल मी सांगतो. डॉट भारत २०१४ साली सुरू झालं, मराठीतही घेता येतं. तांत्रिकदृष्ट्या चालतं. पण यंत्रणेच्या आत ते इंग्रजी अक्षरांच्या एका लांब साखळीत साठवलं जातं, जी एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होते. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा काही ब्राउझरमध्ये लिंक पेस्ट केली की ती साखळीच दिसते आणि गिऱ्हाईक फसवणुकीची लिंक समजून उघडत नाही. ईमेल पत्ता तर अजून अनेक फॉर्म स्वीकारत नाहीत.

दुसरी अडचण आपल्या मुलुखाचीच. खान्देश, खानदेश, खांदेश, तिन्ही लिहिलं जातं. तुमच्यामाझ्यासाठी तिन्ही एकच, पण यंत्रासाठी तीन वेगळी डोमेनं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच: शिदोरी आणि शीदोरी वेगळी. म्हणून हौस असेल तर देवनागरी नाव जोडीला घ्या आणि मुख्य पत्त्याकडे वळवा. एकट्या त्याच्यावर धंदा उभा करू नका. दुकानाच्या पाटीवर मात्र ते फार शोभून दिसतं, आणि आपल्या लिपीतला पत्ता असावा असं मलाही मनापासून वाटतं.

वाघूर_नेट

नोंदणीनंतरची जोडणी कोणी लिहिली नाही, आणि ती वेबसाईटवालाच करणार असल्याने ताईंना एवढं तरी माहीत हवं.

वेबसाईटवाल्याला रजिस्ट्रारचा पासवर्ड देऊ नका. बऱ्याच रजिस्ट्रारकडे दुसऱ्याला मर्यादित प्रवेश द्यायची सोय असते. नसेल तर त्याच्याकडून होस्टिंगचा आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) मागा आणि नोंद स्वतः भरा. डीएनएसच्या (नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्याच्या नोंदींच्या) पानावर ए रेकॉर्ड या नोंदीत तो आयपी आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद), एवढंच काम आहे. मूळ नावाला सीनेम लावता येत नाही, तिथे ए रेकॉर्डच लागतो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता, दोन्ही उघडून बघा. एक चालतं, दुसरं नाही, हे नेहमीचंच.

सगळ्यात महागात पडणारी चूक नेमसर्व्हर (या नोंदी जिथे ठेवतात ते सर्व्हर) बदलण्यात होते. वेबसाईटवाला म्हणतो, "आमचे नेमसर्व्हर टाका." ते टाकले की जुन्या ठिकाणी भरलेल्या सगळ्या नोंदी एका झटक्यात निकामी होतात, ईमेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदीसुद्धा. साईट छान दिसते आणि ऑर्डरच्या मेल येणं बंद होतं. पाठवणाऱ्याला परत आलेली मेल दिसते, तुम्हाला काहीच कळत नाही. म्हणून बदलायच्या आधी डीएनएसच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि एमएक्स व टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदी नव्या जागी आधी भरून घ्या. एखादा रेकॉर्डच बदलायचा असेल तर आदल्या दिवशी त्याचा टीटीएल (जुनी नोंद लक्षात ठेवायचा वेळ) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर दिसतो. नेमसर्व्हरच्या बदलाला मात्र दोन दिवसांपर्यंत धीर धरा.

डोमेनवरचा ईमेल घेतलात तर मेल खरंच तुमचीच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी लावून घ्या. एसपीएफची नोंद एकच असावी. मेलसाठी एक आणि वेबसाईटच्या फॉर्मसाठी दुसरी अशा दोन लावल्या की दोन्ही बाद ठरतात. एकाच ओळीत दोन्ही सेवा लिहायच्या.

नूतनीकरणाबद्दलही सांगतो. 'ऑटो रिन्यू' चालू केलं म्हणून निर्धास्त राहू नका. कार्डावरच्या आपोआप वजावटीला बँकेकडे मँडेट (वजावटीची कायमची परवानगी) नोंदवावं लागतं, परदेशी रजिस्ट्रारकडे ते बऱ्याचदा होतच नाही आणि पैसे कापले जात नाहीत. एकदम तीन ते पाच वर्षांचं भरून टाका. जास्तीत जास्त १० वर्षांचं भरता येतं. तारीख गटाच्या हिशोबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मुदत संपलीच तर डॉट कॉमला बहुतेक रजिस्ट्रार थोडे दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतात. नंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ लागतो, त्यात नेहमीच्या दरावर भरमसाट दंड बसतो. त्यापुढे पाच दिवसांत नाव सुटतं आणि कोणीही उचलतं. चांगल्या नावावर टपून बसणारे असतातच.

आणि खोट्या मेलना भुलू नका. नोंदणी झाली की काही दिवसांत "तुमचं नाव चीनमध्ये दुसरी कंपनी घेतेय, लगेच पैसे भरा" किंवा "सर्च इंजिन नोंदणीची मुदत संपली" अशा मेल येतात. बिलासारख्याच दिसतात. नूतनीकरण कायम रजिस्ट्रारच्या साईटवर स्वतः लॉगिन करूनच करायचं, मेलमधल्या लिंकवरून नाही.

तापीकाठ_चोपडा

मध्येच विचारतो. आमच्या दुकानाचं डोमेन आधीच वेबसाईटवाल्याच्या खात्यात आहे. आता काय करता येईल?

पांझरा_धुळे

भाऊ, आधी आरडीएपी या डोमेनची नोंद दाखवणाऱ्या शोधात नाव टाकून रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते ते बघा. मग त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडा आणि त्यांना डोमेन तुमच्या खात्यात 'पुश' करायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, बहुतेक ठिकाणी फुकट. ते जमत नसेल तर डोमेनचं कुलूप काढून ऑथ कोड (हस्तांतराचा गुप्त कोड) मागा आणि दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवा. डॉट कॉमला पाच-सात दिवस लागतात, एक वर्षाची मुदतही वाढून मिळते. नोंदणी किंवा मागचं हस्तांतर होऊन ६० दिवस झालेले हवेत. मुदत संपायला पंधरा दिवस उरले असताना हे करू नका, आधी नूतनीकरण करून घ्या.

गोडीने बोला, त्याची राहिलेली बाकी चुकती करा. भांडण डॉट कॉमच्या तंट्याच्या प्रक्रियेत गेलं तर वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची नुसती फीच १५०० डॉलरपासून सुरू होते. डॉट इनसाठी निक्सीची वेगळी प्रक्रिया आहे. दोन्हीकडे नावावरचा तुमचा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू सिद्ध करावा लागतो.

बोरीकाठ (अमळनेर)

अमळनेर शिदोरीवर सगळ्यांचं एकमत झालं. ट्रेडमार्कचा शोध आणि डॉट कॉमची खात्री करून आज संध्याकाळी दोघी मिळून डॉट इन घेतो. शेवटचं विचारते, पाऊचवर पत्ता कसा छापायचा? डिझाईनवाला क्यूआर टाकू म्हणतोय.

वाघूर_नेट

ताई, पुढचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू छापू नका, नुसतं नाव आणि डॉट इन. दोन शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल ठेवा, म्हणजे अमळनेर कुठे संपलं आणि शिदोरी कुठे सुरू झाली ते एका नजरेत कळतं. टाईप करताना फरक पडत नाही. फुकटच्या साईटवरचा 'डायनॅमिक' क्यूआर घेऊ नका. तो आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि त्यांची योजना संपली की छापलेले सगळे पाऊच मुके होतात. क्यूआर थेट तुमच्या डोमेनचाच हवा. त्यात नाव लहान अक्षरांत आणि आधी एचटीटीपीएस लिहायला सांगा. किमान दोन सेंटिमीटरचा चौकोन, भोवती चार ठिपक्यांएवढी मोकळी पांढरी जागा आणि गडद रंग फिक्या रंगावर. चकचकीत पाऊचवर उजेड परततो आणि क्यूआर पकडत नाही, म्हणून छपाईवाल्याकडून खऱ्या पाऊचचा छापील नमुना मागवा, त्यात बिबडे भरा आणि फुगलेल्या पाऊचवर साध्या फोनने स्कॅन करून बघा. खालच्या शिवणीजवळ टाकलात तर तो तिथे वाकतो. वरच्या सपाट भागात घ्या.